ब्लँकेट-वाटपाचा फोटो आणि सात जणांचे डोळे

इथे ग्रुपवर लोक आपले भुताखेताचे अनुभव लिहितात ते मी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना वाचते आणि खरं सांगायचं तर हसते. वाईट वाटून घेऊ नका, पण माझा धंदाच फोटोचा. ओतूरला एसटी स्टँडसमोर आमचा स्टुडिओ आहे. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग मिस्टर बघतात, फोटो मी. बावीस वर्षांत लोकांनी माझ्याकडे किती भुतं आणली असतील... "वहिनी, ह्या फोटोत मागं कोण उभंय बघा!" मी बघते, तर ते भूत म्हणजे कॅमेऱ्याचा पट्टा, नाहीतर फोटो काढणाऱ्याचं स्वतःचंच बोट. एकदा तर फोटो आणणाऱ्या बाईंच्या सासूबाईच निघाल्या. चांगल्या जिवंत. त्यामुळे करणी, बाहेरचं, अमुक तमुक सगळ्याला माझं एकच उत्तर असायचं – आधी लेन्स पुसा.

आता माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे, तेव्हा तुम्ही हसून घ्या.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या दुकानासमोर स्टँडच्या भिंतीला लागून एक रसवंती आहे. थंडीत ती बंद असते, नुसते पत्रे आणि बाकडं उरतं. दिवाळीनंतर तिथे एक म्हातारे गृहस्थ राहायला लागले. एक गोणपाट, एक जर्मनचं पातेलं, एक फणी, एवढाच संसार. पश्चिमेकडच्या डोंगरातले, आंबेगावच्या बाजूचे, एवढंच बोलण्यावरून कळायचं. नाव कुणी विचारलं नाही, सगळे बाबा म्हणायचे. आमच्या भागात बिबट्याचा असा वावर आहे की अंधार पडायच्या आत लोक शेळ्या आत घेतात, कोंबड्या आत घेतात, कुत्रीसुद्धा आत घेतात. बाबांना आत घ्यावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही, खोटं कशाला बोलू.

डोक्यात आलं ते सदूभाऊंच्या. सदूभाऊ म्हणजे आमच्याकडचे उत्साही कार्यकर्ते. गावातलं कुणाचंही पोरगं दहावी पास झालं तरी फ्लेक्सवर मोठा फोटो सदूभाऊंचा असतो. रविवारी त्यांचा वाढदिवस होता, आणि फ्लेक्सला यंदा "निराधारांचा आधार" असा मथळा ठरला होता. मथळा तयार होता, निराधार शोधायचा होता. तो स्टँडसमोरच सापडला.

बुधवारी सकाळी साडेनऊला मंडळी आली. सदूभाऊ आणि सहा कार्यकर्ते, मिळून सात जण, आणि ब्लँकेट एकच. लाल रंगाचं, मधोमध ढाण्या वाघ, वरून चकचकीत प्लास्टिकची पिशवी. चौदा हात त्या एका ब्लँकेटला लागले. मी सगळ्यांना म्हटलं, "कॅमेऱ्याकडे बघा." ते सांगायची गरज नव्हती म्हणा, बाबांकडे तसंही कुणी बघत नव्हतं. लख्ख ऊन, उत्तम उजेड. मी तीस-चाळीस फोटो काढले. बाबांनी वाघाकडे बघितलं आणि म्हणाले, "एक भाईर हिंडतोय, आन् एक आंगावर घ्यायचा. बरं हाय."

दुपारी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. पहिल्या फोटोत सातही जणांचे डोळे मिटलेले. होतं असं, एखाद्यात. दुसरा बघितला, मिटलेले. तिसरा, चौथा, दहावा... शेवटपर्यंत बघितले. सगळ्या फोटोंत सातही जण डोळे मिटून ओळीने उभे, आणि मधे बाबा टक्क डोळे उघडून बसलेले. मी लेन्स पुसली. मग स्वतःच्याच मूर्खपणावर चिडले, कारण लेन्स पुसून कुणाचे डोळे उघडतात का?

सदूभाऊंना फोन केला. ते म्हणाले, "वैनी, हुतंय कदी कदी. उद्या परत काढू, त्यात काय!"

गुरुवारी परत सगळे हजर. पण आता अडचण अशी, की ब्लँकेट बाबांनी रात्री वापरलं होतं. फोटोत ते नवंकोरं दिसायला पाहिजे. तेव्हा मीच जाऊन ते बाबांकडून घेतलं, झटकलं, घडी घातली आणि पिशवीत भरलं. बाबांनी काही कुरकुर न करता दिलं. फोटो काढताना मी डोळा लावून बघत होते. सातही जण माझ्याकडे डोळे वटारून बघत होते, एकाने तर ताणून ताणून पाणी काढलं. पण तिथल्या तिथे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मोठं करून बघितलं... मिटलेले! माझ्या पायाखालची जमीन सरकली, अगदी अक्षरशः. मी स्टुलावर उभी होते, आणि ते कललं.

मंडळी चहाला गेली. मी बाबांना सहज म्हटलं, "बाबा, काय कळत नाही बघा. सगळ्यांचे डोळे मिटलेले येतात."

बाबा म्हणाले, "मिटल्यालंच व्हतं की. कालबी मिटल्यालं, आजबी. मी बाजूलाच बसल्यालो न्हाई का?"

"अहो, मी समोरून बघत होते. चांगले उघडे होते."

"मला काय म्हाईत, बाय. मला वाटलं, फोटू काडताना देनाऱ्यानं डोळं मिटायची रीत आसंल."

अंगावर सर्रकन काटा आला. भर सकाळी, समोर नारायणगावची एसटी लागलेली, कंडक्टर ओरडतोय, आणि मी तिथे थिजून उभी.

शुक्रवारी तिसरा प्रयत्न. आता कार्यकर्त्यांपैकी एकाने स्वतःचा महागाचा मोबाइल माझ्या हातात दिला, म्हणजे दोष माझ्या कॅमेऱ्याचा ठरावा. त्यातही तेच. मग त्यांच्यातला एक जण पुटपुटला, नजर लागली असणार, आणि माझ्या ट्रायपॉडला लिंबू-मिरची बांधली. बावीस वर्षं ज्या बाईने लोकांना लेन्स पुसायला सांगितलं, तिच्या ट्रायपॉडला लिंबू-मिरची! मी ती तशीच राहू दिली. खरं तर आतून मला बरंच वाटलं होतं. पण त्याचाही उपयोग झाला नाही.

शनिवारी मी शेवटचा उपाय केला. ह्या सगळ्यांच्या लग्नाचे फोटो माझ्याकडेच आहेत. त्यातून डोळे कापले आणि एकेकाला बसवले. एकाचे हळदीतले, एकाचे वरातीतले, जरा तांबारलेले. सदूभाऊंचे तर पंधरा वर्षांपूर्वीचे, त्यामुळे ते एकदम आशावादी दिसायला लागले. सातही जणांचे डोळे उघडे आहेत हे मी, मिस्टरांनी आणि सदूभाऊंनी, तिघांनी स्क्रीनवर बघितलं. फाइल नारायणगावला फ्लेक्सवाल्याकडे पाठवली. त्यानेही फोन करून सांगितलं, "ताई, डोळे एक नंबर आलेत."

रविवारी सकाळी सातला फ्लेक्स स्टँडसमोर चढला. पंधरा फूट रुंद, झेंडूच्या फुलांची किनार, सगळं झकास. आणि सातही जणांचे डोळे मिटलेले.

आता आमच्याकडे फ्लेक्स दोनच प्रकारचे लागतात, वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे. ओळीने सात माणसं डोळे मिटून, भोवती झेंडू... वरचा मजकूर वाचतोय कोण? पावणेआठला पहिला हार पडला. गाडीतून उतरलेली माणसं हात जोडून पुढे जायला लागली. "सात जनं एकदम? कुठं झालं वो?" "घाटात म्हनं." "आन् मदला म्हातारा?" "त्यो वाचला." गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ओम शांतीची रांग लागली. खुद्द सदूभाऊंच्या एका कार्यकर्त्याने न बघता "भावपूर्ण श्रद्धांजली, आपल्या दुःखात सहभागी आहोत" असं टाकलं, आणि तो स्वतः त्या फ्लेक्सवर डावीकडून तिसरा होता. वारूळवाडीवरून सदूभाऊंच्या सासूबाई रिक्षा करून आल्या. त्यांनी दारात हंबरडा फोडला, आणि आतून जावई पोह्याची ताटली घेऊन बाहेर आल्यावर भीतीने परत फोडला.

दहा वाजता सदूभाऊ माझ्या दुकानात. चेहरा लालबुंद, गळ्यात कुणीतरी गैरसमजाने घातलेला हार.

"वैनी, ह्ये काय क्येलंत तुमी? लोकं मला हात लावून बगत्यात!"

"भाऊ, तुम्ही स्वतः स्क्रीनवर बघितलं होतं ना?"

"बगितलं व्हतं! लई चांगलं व्हतं!" म्हणत ते धाडकन स्टुलावर बसले. खाली प्लास्टिक चुरचुरलं. "जाऊंद्या. आता आसं करू, ओझरला देवळाम्होरं परत एक फोटू घिऊ. दुसरा म्हातारा बगतो. ह्ये ब्लँकेट राहुंद्या हितंच."

तेव्हा माझं लक्ष गेलं, की ते ब्लँकेट स्टुलावर आहे. गुरुवारपासून तिथेच होतं. "फोटो ओके होईस्तोवर तुमच्याकडंच ठेवा" म्हणून सदूभाऊंनी ठेवलेलं. म्हणजे गुरुवार, शुक्रवार, शनिवार. त्या तीन रात्री आमच्या घरात पोरांनी दोन-दोन गोधड्या घेतल्या होत्या, आणि मी, बाईमाणूस असून, सात जणांच्या डोळ्यांचा विचार करत होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की सगळा राग सदूभाऊंवर निघाला.

"उठा भाऊ. उठा आधी! ज्याच्यावर बसलाय ते बाबांचं आहे."

त्यांच्या खालून ब्लँकेट ओढलं आणि कॅमेरा न घेता रस्ता ओलांडला.

बाबा बाकड्यावर उन्हाला बसले होते. मला येताना बघून उठले. पातेल्यातल्या पाण्याने तोंड पुसलं, फणी काढून केस नीट केले, आणि ताठ बसले. मी पिशवी फाडून टाकली आणि ब्लँकेट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांवर घेतलं, छातीच्या उंचीवर, मीच शिकवलं होतं तसं, वाघ समोर येईल असं. समोर बघत थोडा वेळ थांबले. मग ते माझ्यापुढे धरलं.

"घ्या. आला का बगा चांगला."

मला रडू आवरेना. भर स्टँडवर, येणारे-जाणारे बघतायत, त्यांना वाटलं सातांपैकी कुणीतरी माझं नातेवाईक असणार. एका बाईने तर माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी ब्लँकेट उलगडून बाबांच्या खांद्यावर टाकलं आणि म्हटलं, "बाबा, फोटो नाही. हे तुमचंच आहे. ठेवा."

"बरं," ते म्हणाले. मग जरा विचार करून, "न्यायला कदी येनार?"

ह्या सगळ्याला आता बरेच महिने झाले. त्या फाइली मी पुण्याच्या ओळखीच्या फोटोग्राफरला दाखवल्या, कॅमेरा तपासून घेतला, फ्लेक्सवाल्याने त्याचं मशिन तपासलं. कुणालाही काही सापडलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कारण सुचलं तर जरूर लिहा, फक्त लेन्स पुसा म्हणू नका.

बाबा आता रात्री आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत झोपतात. नाव तुकाराम आहे, मी विचारलं. पण अजूनही रोज सकाळी साडेनऊला ते ब्लँकेटची नीट घडी घालतात आणि मांडीवर घेऊन रस्त्याकडे बघत बसतात. मी रोज सांगते, कुणी येणार नाही. ते हो म्हणतात आणि दहा वाजेपर्यंत बसतात. डोळ्यांचं काय झालं होतं ते मला आजही सांगता येत नाही. बाबा असे रोज का बसतात ते मात्र नीट सांगता येतं, आणि तेच लिहायला मला इतके महिने लागले.