पासपोर्ट येईपर्यंत

आमच्या लालबागच्या चाळीत विमानात बसलेली पहिली बाई म्हणजे शेवंताकाकी. त्याचा अभिमान तिच्यापेक्षा आम्हालाच जास्त. तिच्यापुढे अमेरिकेचं नाव काढलं की ती अजूनही उठते आणि भांडी घासायला लागते, घासलेली असली तरी.

काकी बाळंतिणीचं करायची. अंगाला तेल लावणं, शेक देणं, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणं. हे काम तिने गिरण्यांच्या संपात धरलं. जगनकाका गिरणीत मागावर होते. संप लांबला, गिरणी त्यांना परत घेईना आणि घरात चूल तर पेटायला हवी होती. काकांना बायकोच्या या कामाची लाज वाटायची. वहिनी कुठे गेल्या म्हणून कोणी विचारलं की ते सांगायचे, बाजारात. रोज पहाटे बाजारात जाणारी बाई येताना कोथिंबिरीची काडीही आणत नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. पण आमची चाळ कधीकधी नको तेवढी समजूतदार होते.

संप संपला असं कोणी कधी सांगितलंच नाही. काका पुढे कुठे रखवालदारी, कुठे पॅकिंग असं करत राहिले आणि घर काकीवर चाललं. तिचा हात चांगला होता. एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला, असं करत ती ठाकूरद्वारपासून शिवाजी पार्कपर्यंत पोचली.

शिवाजी पार्कच्या एका घरातून बोलावणं आलं तेव्हा संपाला दहा-बारा वर्षं होऊन गेली होती. त्या घरच्या सूनबाईंना दिवस गेले होते. थोरले दीर न्यू जर्सीला. घरात ठरलं होतं की बाळंतपण तिकडेच करायचं, म्हणजे मूल जन्मतःच अमेरिकेचं नागरिक. पुढे त्याला शिक्षणासाठी, नोकरीसाठी कोणाच्या दारात उभं राहायला नको. सूनबाईंना आई नव्हती आणि सासूबाईंचे गुडघे गेलेले. तेव्हा शेवंताने सोबत जावं, कोणी विचारलंच तर लांबची मावशी म्हणून सांगावं. पोटातल्या पोराचा देश ठरवून टाकणारी माणसं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. आमच्याकडे बारशाच्या दिवशीसुद्धा नावावरून भांडणं चाललेली असतात.

अडचण एकच होती, मालन. काकीची एकुलती एक मुलगी, माझ्या बरोबरीची, रे रोडला दिलेली. तिलाही दिवस होते, आणि पहिलं बाळंतपण माहेरी, यावर आमच्यात चर्चासुद्धा होत नाही. सूनबाईंची तारीख मालनच्या महिनाभर आधीची होती. काकीने मालनला सांगितलं, तिचं उरकलं की आलेच मी, तुझ्याआधी पोचते. मालनने विचारलं, नक्की ना? काकी म्हणाली, नक्की.

हे खोटं होतं. मुलाचा पासपोर्ट हातात पडल्याशिवाय निघता येणार नाही, त्याला महिना लागेल, दीड लागेल, हे सासूबाईंनी काकीला आधीच नीट समजावलं होतं. काकीने मान डोलावली आणि घरी आल्यावर अवाक्षर काढलं नाही. पैशांसाठी, हे तर खरंच. पण तिला जायचंही होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या मोऱ्यांमध्ये बसलेल्या बाईला एकदा विमानात बसावंसं वाटलं, तर मी तिला नावं ठेवणार नाही. ती स्वतःच ठेवते, तेवढं पुरे आहे.

तिकडे मोरीच नव्हती. पांढऱ्याशुभ्र टबात पाट टाकून तिने बाळाला न्हाऊ घातलं. ओव्याची धुरी दिली तर छताला लावलेली धुराची घंटा कोकलायला लागली आणि दीर अर्ध्या चड्डीत धावत आले. मुलगा झाला होता. गोरा, गुटगुटीत, नागरिक. पासपोर्टच्या फोटोसाठी काकीने त्याला दोन्ही हातांनी उभं धरलं, आणि तिचे हात दिसू नयेत म्हणून वरून चादर घातली. फोटो पुन्हा पुन्हा काढावा लागला, कारण नागरिक डोळे उघडेना. मग पासपोर्टची वाट बघणं आलं. तो आला तेव्हा कळलं की या मुलाला भारतात यायला आता व्हिसा लागणार. स्वतःच्या आजीच्या घरी जायला व्हिसा! म्हणजे आणखी थांबणं. सूनबाई स्वभावाने गरीब होती. एकदा केसांना तेल लावून घेताना ती काकीला म्हणाली, आई असती तर तिनेही माझं एवढं केलं नसतं. काकीला ते ऐकवेना. बाळाचे कपडे आणते म्हणून ती उठून गेली.

दर रविवारी काकी आमच्या चाळीखालच्या वाण्याकडे फोन करायची. त्या रविवारी वाण्याने हाक मारली तेव्हा मीच खाली गेले, कारण काकांचे हात तेलाचे होते. मी सांगितलं, मालनला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, बुधवारीच घरी आणलं. मग काकीने विचारलं, "सासरी नेलंनी ना तिला?"

"नाही, इथेच आणलं. पहिलं माहेरीच, बोलली ती."

"मग पोराला न्हाऊ कोण घालतं गो?"

"काका."

तेवढ्यात लाइन बंद झाली. फोन कटला की तिने ठेवला, मला कळलं नाही.

मालनला तेल लावायला परळची एक म्हातारी यायची. बाळाचं मात्र तिच्याकडून दोन दिवस बघून घेऊन काकांनी स्वतःकडे घेतलं. दार उघडं टाकून मोरीत पाय पसरून बसायचे आणि नातीला पायांवर पालथी घ्यायचे. चाळ बघायला लोटली. कोणीतरी खवचटपणे विचारलं, जगन, हे काय चाललंय? काका मान वर न करता म्हणाले, बाळंतपण. त्यानंतर कोणी विचारलं नाही.

काकी परतली तेव्हा नात दीड महिन्याची झाली होती. बॅगा दारात टाकून तिने हातपाय धुतले आणि सरळ मोरीत जाऊन बसली. मी गरम पाण्याचं पातेलं घेऊन दाराशी उभी होते. काकीने बाळाला पायांवर घेतलं, आणि पोरीने असा काही टाहो फोडला की काळीनिळी पडली. निम्म्या दादरची पोरं या हातांनी गप्प केलेली. ही काही गप्प बसेना. काकीने थोपटलं, गुणगुणलं, तरी नाही.

मालन खाटेवरून म्हणाली, "आई, बाबांकडे दे तिला. त्यांच्या हाताची सवय झालीय."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. काकांनी बाळाला उचललं आणि ते मुसमुसत शांत झालं. काकी ओल्या लुगड्यानिशी तशीच पाटावर बसून राहिली. तिथूनच, मालनकडे न बघता ती म्हणाली, "मालू, मला ठाऊक होतं. पासपोर्टचं. जायच्या आधीच ठाऊक होतं."

मला आत जाववेना आणि परत फिरवेना. काकांनी बाळाला टॉवेलात गुंडाळून मालनच्या कुशीत दिलं. मालनने त्याचे कान पुसले, मानेच्या वळ्या पुसल्या. ती चिडली असती तर काकीला सोपं गेलं असतं.

"मग सांगायचं होतंस ना," ती म्हणाली. "मीच बोलले असते, जा."