पिऊचा न हललेला फोटो

लिंबायतमधल्या आमच्या गल्लीत लहान मुलांचे पोर्ट्रेट काढणारा मी एकटाच आहे. त्यामुळे गल्लीतला सर्वांत वाईट फोटोग्राफरही मीच.

पिऊ ही माझ्या बहिणीची, मंगलची, सहा वर्षांची मुलगी. मंगल, मेहुणे आणि पिऊ आमच्याकडेच राहत. आम्हा नवराबायकोला मूल नाही. घरात जो काही गोंधळ होई तो पिऊचाच. मेहुण्यांचे कापडाच्या लूमवरचे काम सुटले आणि तिघांनी शिरपूरला परत जायचे ठरवले. जाण्याआधी तिचा एक स्पष्ट फोटो भिंतीसाठी हवा, एवढेच माझे मागणे होते.

खोलीत उजेड बेताचा, म्हणजे शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागणार. हात थरथरू नये म्हणून मी स्टँड आणला, पिऊला खिडकीशी स्टुलावर बसवले, डोळ्यांवर फोकस धरला. ती खदखदून हसली. फोटोत दोन पिऊ आल्या!

“हालू नको वं माय!”

“मी नही हालनू, मामा!”

दुसऱ्या फोटोत कान चार आले. (मूळचे दोनच आहेत.) मेहुण्यांनी मागून तिचे डोके धरले. आता मेहुण्यांची बोटेही दुप्पट!

“अहो, पोरीला श्वास तरी घेऊ द्या,” माझी बायको सुनंदा म्हणाली.

“फोटो झाला की घेईल!”

“दादा, पोर नही हाली राह्यनी, तूच हाली राह्यना!” मंगल म्हणाली.

मी टायमर लावला आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. तरी तेच. मग मी पिऊवर ओरडलो. घरात तिच्यावर कोणी ओरडत नसे. ती ताठ बसली.

तेवढ्यात लाईट गेली. आम्ही चौघेही दचकलो.

“काय झालं? कसंतरीच वाटतंय,” सुनंदा म्हणाली.

झाले एवढेच होते की जमीन हलायची थांबली होती. आमच्या खाली लूमचे कारखाने आहेत. ते रात्रंदिवस चालतात आणि वरची फरशी थरथरत राहते. इतकी वर्षे तिथे काढल्यावर त्या थरथरीलाच आम्ही स्थिर समजू लागलो होतो. माझा स्टँड त्याच फरशीवर उभा होता!

मी घाईने बटण दाबले. फोटो सुरेख आला. पापणी न् पापणी मोजता यावी असा. खालच्या पापणीवर थांबलेले पाणीही तितकेच स्पष्ट. ओठ घट्ट मिटलेले. रडले तर हलेन, म्हणून न रडणारी मुलगी.

सगळे कॅमेऱ्यावर वाकले.

“एकदम क्लिअर आला,” मेहुणे म्हणाले. काहीतरी बोलायला हवे म्हणून.

मंगल हळूच म्हणाली, “दादा, हाऊ फोटो भितवर लावू नको.”

ते गेले. तो फोटो कॅमेऱ्यातच आहे. पुसवत नाही, पाहवत नाही. सुनंदाने हसऱ्या, दोन तोंडांच्या पिऊला फ्रेम केले. रोज दिवा लावताना ती त्या काचेवरून पदर फिरवते.

परवा शेजारचे गुजराती काका बराच वेळ त्या फ्रेमसमोर उभे राहिले. “आवो फोटो कोणे पाड्यो?” असा फोटो कोणी काढला, असे त्यांनी विचारले.

मी शुद्ध गुजरातीत सांगितले, “खबर नथी.”