जावेचा तवा

माझ्या मुलीला माझ्या हातचे चिले, म्हणजे तांदळाच्या पिठाची धिरडी, आवडेनाशी झाली तो दिवस मला नीट आठवतो. धाकट्या जावेनं आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावच्या बाजारातून काळा, गुळगुळीत नॉनस्टिक तवा आणला, त्याच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि अंगण ओलांडून सरळ काकूच्या घरात शिरली. परत आली ती ओठ चाटत. "आई, काकूचा चिला कागदावानी पातळ रायते. तुह्या चिल्याचे तं तुकडेच होतेत."

तुकडे होत हे खरंच. माझा लोखंडी तवा लग्नातला, मधे खोलगट, आणि तांदळाचं पीठ त्याला असं धरून बसे की उलथन्यानं खरवडावं लागे. पण इतकी वर्षं ती तेच तुकडे मिटक्या मारत खात होती ना! माझा नुसता जळफळाट झाला. जावेला मूलबाळ नाही, तिला पोरीचा लळा आहे, हे सगळं मला कळत होतं. कळून काय उपयोग?

आमच्या चुली कधीच वेगळ्या झाल्या होत्या, पण सासूबाईंनी एक नियम राखला होता. भांडी घासायचा दगड एकच, विहिरीपाशी. एक दिवस दोन्ही घरची भांडी जावेनं घासायची, एक दिवस मी. तवा मात्र ती स्वतःच धुवायची, मऊ फडक्यानं, तान्ह्या बाळाला पुसावं तसा. एकदा तिला बाजाराची घाई होती आणि तो माझ्या पाळीच्या भांड्यांत राहून गेला.

मी तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, बोळा घेतला, धानाच्या तुसाची राख घेतली आणि बसले. आमच्याकडं सगळी भांडी अशीच निघतात, त्यामुळं कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं: मला काय माहीत, नेहमीसारखा घासला. पण मी तो नेहमीसारखा घासला नाही. दातओठ खाऊन घासला. काळ्या लेपाखालून पांढुरका पत्रा दिसायला लागला तेव्हा थांबले, स्वच्छ विसळला आणि उपडा ठेवला.

जाऊ काहीच बोलली नाही. त्याचा मला जास्त राग आला. तेल थोडं जास्त घालून ती चिले करत राहिली आणि पोरगी खात राहिली. कधी चिल्यावर काळा कण दिसे. पोरीला वाटे, जिरं करपलं.

दिवाळीनंतर माझा भाऊ आला. तो गोंदियाला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. जावेनं त्याला चहाला बोलावलं, तिथं त्याची नजर तव्यावर गेली. माझ्याकडं येऊन बसल्यावर तो बोलला. असल्या लेपांच्या मागं फ्लोरिनवाल्या रसायनांची मोठी जात आहे. त्यातली कितीतरी विरतच नाहीत, मातीत नाही, पाण्यात नाही, अंगातही वर्षानुवर्षं राहतात. तेल न शोषणाऱ्या कागदांत ती असतात, पाण्यातून माशांतही येतात.

"मंग बोदलकशाच्या तलावातला मासाबी खायचा नाई का?" मी चिडून विचारलं.

"तपासल्याबिगर काय सांगू? या तव्यातून किती गेलं, तेबी सांगता येत नाई. पण असा खरवडलेला तवा लेकरासाठी कायले वापरायचा? फेकून द्या म्हणा."

जावेचं बिघडवायला गेले आणि माझ्याच लेकीच्या ताटात ते वाढून बसले.

त्याच संध्याकाळी मुलीला बजावलं, काकूकडचे चिले बंद. "काऊन? तुले काकूची जलन होऊन रायली म्हणून?" ती म्हणाली. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "पोरगी काई खोटी नाई बोलून रायली." आता तव्याबद्दल मी काहीही बोलले असते तरी साऱ्यांना त्यात जळफळाटच ऐकू आला असता. विश्वास बसावा अशी एकच गोष्ट माझ्याकडं होती, आणि तीच सांगवत नव्हती.

सकाळी जाऊ पीठ कालवत होती, मुलगी ताटली घेऊन बसलेली. मी दारातूनच बोलून टाकलं. "तुहा तवा मी खरवडला. मुद्दामच. भाऊ म्हणते, त्याच्यातलं पोटात जाऊ शकते. पोरीले नको देऊ." तूही खाऊ नकोस, हे म्हणायचं मला सुचलंसुद्धा नाही.

जावेचा हात थांबला. "मले मालूम होता, ताई. तणसाची काडी कडेले अडकून होती."

"मंग बोलली काऊन नाई?"

"बोलली असती तं भांडण झाला असता. मंग तुमी इले इकडं येऊ देल्ला असता का?"

तिनं तवा उचलला आणि अंगणातल्या भंगारात टाकला. पीठ तसंच कालवलेलं होतं. "तुमचा तवा द्या," ती म्हणाली. मी दिला. आता बघते कसा पातळ होतो ते, असं त्याही वेळी माझ्या मनात आलंच.

तिनं माझा लोखंडी तवा चांगला तापवला, अर्धा कांदा तेलात बुडवून त्यावर फिरवला, पाण्याचा शिपका मारला, पीठ पसरून झाकण ठेवलं. चिला कडेनं आपोआप सुटला. अख्खा, कागदासारखा.

"आई, हा तुहाच तवा हाये न?" मुलीनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. खरं सांगायचं तर त्या 'हो'मध्ये पश्चात्ताप थोडा होता आणि जळफळाटच जास्त.