ठाऊक असलेलं विचारणं

धुरपदाबाई फाटक्या तोंडाची, असं दौंडच्या ख्रिस्ती मंडळीत सगळेच म्हणायचे. म्हणोत बापडे! बाळंतपण असो की मयत, प्रार्थनेला पहिली हजर तीच, आणि पाहुण्यांची भांडी घासून शेवटी घरी जाणारीही तीच.

२००१ च्या मार्चात मंडळीतल्याच मोनिकाचं चार महिन्यांचं बाळ तापानं गेलं. नवरा रविराज कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला. निरोप मिळाला तसा धावत आला आणि भिंतीला टेकून बसला. तेवढ्यात मंडळीचे पंच हौसराव आले. दफनभूमीची किल्ली त्यांच्याकडं. पांढरा शर्ट, हळू आवाज.

"बाळाचा बाप्तिस्मा झाला होता का हो?" त्यांनी भरल्या घरात विचारलं.

मोनिकानं मान खाली घातली. बाप्तिस्म्याशिवाय दफनभूमीत जागा नाही, हा पंचांचा नियम. आता लेकराला गावाबाहेर ओढ्याकाठी पुरावं लागणार, हे तिला कळलं.

धुरपदाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अवो हौसराव, बाप्तिस्म्याचं रजिस्टर तुमच्याच कपाटात हाय ना? त्यात नाव न्हाई हे ठावं असून इचारता? पोरीची मान खाली जाताना बघायची व्हती व्हय? प्रभू येशूला प्रश्न इचारून पेचात धरायला यायची ती माणसंबी अशीच गोड बोलायची. किल्ली द्या, न्हाईतर मी कुलूप फोडते!"

हौसराव "नियम आहे, बाई, नियम आहे" म्हणत राहिले. पण घरातली चार माणसं उठून उभी राहिली, तेव्हा मुकाट्यानं किल्ली काढून दिली. बाळ दफनभूमीतच निजलं.

परतताना धुरपदाबाई मोनिकाचा हात धरून चालत होती. राग काही उतरत नव्हता. मध्येच ती म्हणाली, "पर बाप्तिस्मा देणारे पाळक तर दर महिन्याला येत्यात. तीनदा येऊन गेले. मग बाप्तिस्मा का गं लांबवला?"

मोनिका थांबली. "मावशी, रविराजला दर खेपेला ड्युटी व्हती. बाप शेजारी उभा नसंल तर थांबा, असं तुमीच सांगितलं व्हतं. इसरलात व्हय?"

विसरली कुठं होती? एक अक्षर विसरली नव्हती. 'मावशी, तुमची चूक न्हाई,' एवढं पोरीच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून तर विचारलं. आणि कधी विचारलं, तर मोनिकाचे हात अजून कबरीच्या मातीनं भरलेले असताना! धुरपदाबाईला स्वतःची अशी चीड आली, की वाटलं, थोबाडीत मारून घ्यावी.

"न्हाई इसरले," ती म्हणाली. "माझंच चुकलं, पोरी."

मोनिकानं हात सोडवून घेतला आणि ती रविराजच्या मागं चालू लागली.