ओडेसाच्या घरून उपाशी

ल्यूशस टार्पलीनं अमेरिकेतल्या अलाबामात पत्रं वाटण्यात निम्मं आयुष्य घालवलं. काळ्या माणसाला सरकारी नोकरी म्हणजे केवढं अप्रूप! वस्तीतली बायकामाणसं त्याच्या गणवेशाकडे कौतुकानं बघायची.

१९५० च्या उन्हाळ्यात त्याची बायको ओडेसा गेली. तिला पुरून आल्यावर रिवाजाप्रमाणे घरी सगळ्यांचं जेवण होतं. दाराशी आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, हा ओडेसाचा जन्माचा हट्ट. तेवढ्यात पोस्टातला गोरा ब्रेनन टोपी हातात धरून भेटायला आला. ओडेसाची बहीण व्हर्लीन, तिनं त्याला सगळ्यांच्या मधोमध बसवलं आणि तळलेली कोंबडी वाढली.

"अगं, गोरा आहे तो!" ल्यूशस कुजबुजला.

"मग? गोऱ्याला पोट नसतं?"

ब्रेनन मागून मागून जेवला. खिडकीचे पडदे ओढायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

महिन्याभरात ल्यूशसला चौकशीला बोलावलं. म्हणे, कम्युनिस्ट असल्याचा संशय आहे. कम्युनिझम कशाशी खातात हेही त्या बापड्याला ठाऊक नव्हतं. पण तेव्हा सरकारदरबारी एक सोपी कसोटी निघाली होती: काळ्याच्या शेजारी बसून घास घेणारा गोरा तो लाल, आणि त्याला वाढणारा काळाही लाल. हे ठरवणारे रोज काळ्या स्वयंपाकिणीच्या हातचं खाऊन कचेरीत येत. काय म्हणावं या अकलेला!

"काय रे ल्यूशस, ब्रेनन तुझ्या टेबलावर जेवला का?" मुलाच्या वयाच्या साहेबानं विचारलं.

पेन्शन तोंडावर आली होती. नोकरी गेली की तीही गेली, पाठोपाठ घरही.

"नाही, साहेब. दारातूनच गेला. उपाशी."

साहेब हसला. "तो तर जेवलो म्हणतो. वर रताळ्याचं गोडही चाटूनपुसून खाल्लं म्हणे. आता खोटं बोललास म्हणूनच काढावं लागेल तुला."

घरी व्हर्लीन वाट बघत होती.

"नोकरी गेली," ल्यूशस म्हणाला.

"जाऊ दे मेली. तू काय सांगितलंस?"

त्यानं सांगितलं. ती खालीच बसली.

"ओडेसाच्या घरून माणूस उपाशी गेला म्हणालास?"

"हो," ल्यूशस म्हणाला. "आणि तेही फुकट."