निळ्या बाटलीतलं औषध

सोळा नोव्हेंबर, रविवार. सकाळी साडेसातला खिडकीच्या ग्रिलमधला पालक कापायला घेतला. मुलुंडच्या आमच्या इमारतीत लोक ग्रिलमध्ये जुने कूलर नि मोडक्या सायकली कोंबतात, माझ्याकडे अकरा कुंड्या आहेत. पालक उपटायचा नसतो. बाहेरची मोठी पानं देठाशी कात्रीनं कापायची, मधला कोंब राखायचा, की पंधरा-वीस दिवसांत पुन्हा पानं मिळतात.

दोन जुड्या निघाल्या. एक घरात ठेवली, दुसरी खालच्या मजल्यावर दिली. तिथे राहणाऱ्या तरुण जोडप्याची मुलगी सात महिन्यांची. डॉक्टरांनी बाळाला पालेभाजी सुरू करायला सांगितली होती आणि बाजारातला पालक कुठल्या पाण्यावर वाढलेला असतो या विचारानं तिच्या आईला घोर लागला होता. मी जुडी आईच्या हातात दिली आणि म्हटलं, "औषध नाही मारलेलं. बिनधास्त दे."

वर येऊन खत चाळायला बसले. आरे कॉलनीतल्या एका तबेल्यातून मी शेण आणते, पण ताजं कधीच घालत नाही, मुळं जळतात. भाजीची सालं आणि वाळकी पानं यांच्याबरोबर भोकं पाडलेल्या ड्रममध्ये तीन महिने मुरवायचं. मूठभर हातात घेऊन हुंगायचं. नुसत्या मातीचा वास आला तर वापरायचं, शेणाचा आला तर थांबायचं. या कामात वेळ छान जातो. साडेअकरा कधी वाजले कळलं नाही.

सासूबाई ग्रिलपाशी आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, मालवणकडच्या, घरात अजून मालवणीच बोलतात. पालकाची राहिलेली पानं उलटून बघत म्हणाल्या, "मावो गेलो मा? परवा मियां औषद मारलंय."

मावा म्हणजे पानांच्या मागे चिकटणारे बारीक किडे. त्या आठवड्यात तो आला होता आणि मी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवून काढत होते. आधी तेवढंच करावं, बहुतेकदा पुरतं.

"कुठलं औषध, आई?"

"तुजाच ता. निळ्या बाटलेतला."

निळ्या फवाऱ्याच्या बाटल्या घरात दोन होत्या, एकाच दिवशी आणलेल्या. एकीत निंबोळी तेल आणि रिठ्याचं पाणी. दुसरीत झुरळांचं औषध. पेस्ट कंट्रोलवाला आला होता तेव्हा उरलेलं ठेवून जा, असं मीच त्याला सांगितलं होतं. पहिली ग्रिलच्या खिळ्याला टांगलेली असते, दुसरी सिंकखाली. पण दिवाळीच्या साफसफाईत मी दोन्ही ओट्याखाली सरकवल्या आणि तशाच राहिल्या. कुणावरही चिठ्ठी नाही. निंबोळीचा उग्र वास मला लांबून कळतो, म्हणून कधी लावली नाही. सासूबाईंना गेली काही वर्षं वास येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि बिनऔषधी बागेचा बडेजाव मिरवणारी मी घरात मात्र निंबोळीच्या पाण्यालाही औषधच म्हणत आले होते. त्यांनी माझाच शब्द ऐकला होता.

दोन्ही बाटल्या अर्ध्या होत्या. पानांना वास नव्हता, परवापासून मी दोनदा पाणी मारलं होतं. एक पान चावून बघितलं. कडवट लागलं. निंबोळीमुळे असेल किंवा नसेल. थुंकले, चूळ भरली. हा मूर्खपणा होता, कुणी करू नये. मग सासूबाई म्हणाल्या, फेस इल्लो, म्हणजे रिठ्याचाच असणार. मोरीच्या लादीवर दोन्ही मारून बघितल्या. फेस दोन्हींना आला.

"बरोबर बघायला नको होतं का?" मी विचारलं.

"लिवलला खय होता त्येच्यार?" त्या म्हणाल्या. खरंच होतं, बाटलीवर काही लिहिलेलं नव्हतंच.

अजून तिनं पालक शिजवला नसेल तर काहीतरी सबब सांगून जुडी परत आणावी, असं मनात आलं. जिना उतरेपर्यंत तो विचार होता. दार तिनं हळूच उघडलं. बाळ आत्ताच झोपलंय, म्हणाली, खिचडीत घातला होता, वाटी चाटूनपुसून संपवली.

"तिला उठव," मी म्हटलं.

उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. आत जाऊन बाळाला उचललं. बाळ झोपमोड झाल्यामुळे रडायला लागलं आणि त्या रडण्यानं मला जरा धीर आला. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी औषधाचं नाव विचारलं, ते मला सांगता येईना. पेस्ट कंट्रोलवाल्यानं तिसऱ्या फोनला डब्याचा फोटो पाठवला, तो पुढे पाठवला. डॉक्टर म्हणाले, घेऊन या.

तिचा नवरा, ती, बाळ आणि मी, एकाच रिक्षात. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत टॉर्च मारून बघितलं, छाती ऐकली, लाळ जास्त गळतेय का, उलटी झाली का विचारलं. संध्याकाळपर्यंत थांबवून ठेवलं. मी बाहेरच्या बाकावर होते. दर वेळी दार उघडलं की मी उभी राहायचे. सहाला डॉक्टर म्हणाले, धुतलेला, शिजवलेला, पोटात गेलाय तोही थोडाच, काही दिसत नाही. रात्री लक्ष ठेवा. कुठली बाटली होती ते काही त्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं.

सोमवारी सकाळी सातला मी खाली गेले. बाळ जमिनीवर बसून वाटी आपटत होतं. ती दारातच उभी राहिली.

"बरी आहे ती, काकू," ती म्हणाली. "पण आता भाजी नको."

मी बरं म्हटलं. 'काही दिवस नको' असं ती म्हणाली नव्हती, हे वर आल्यावर लक्षात आलं. पालकाच्या चारही कुंड्या मातीसकट गोणीत रिकाम्या केल्या. शेजारची मेथी आणि कोथिंबीरही काढली, फवारा तेवढाच नेमका पडत नाही. यातलं काही ड्रममध्ये टाकायचं नव्हतं, पुढच्या खतात उतरलं असतं.

सासूबाई बघत होत्या. "बरी होती गे भाजी," म्हणाल्या.

"असेल," मी म्हटलं, आणि गोणीचं तोंड त्यांना धरायला लावलं.