जागचं न हलणारं वादळ

आमच्या ह्यांचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ आहे. एक स्टूल, मागे निळा पडदा, दोन दिवे. गिऱ्हाईक बसलं की ह्यांचं सुरू, "हनुवटी खाली, इकडे बघा, हलू नका." तान्हं मूल असो की बँकेचा साहेब, सगळ्यांना तेच. एरवी माणूस म्हणजे अगदी गरीब गाय. पण आभाळ काळवंडलं की शटर ओढून माळावर पळतात, वादळांचे फोटो काढायला. ते कुणी मागितलेले नसतात. आमच्या घरात आता खिळा ठोकायला भिंत उरलेली नाही.

गाडी मी चालवते. हौस म्हणून नव्हे हो, हे चालवताना रस्ता सोडून ढग बघतात म्हणून. माळ असा सपाट की आडोशाला झुडूप नाही. वीज उंच दिसेल त्यावर पडते, आणि तिथे सगळ्यात उंच कोण, तर आमचे हे. किती वेळा सांगितलं, पुरे करा, एक दिवस मला एकटीला घरी परतावं लागेल. हे नुसते हसतात. कपाळ बडवून घ्यायचं, दुसरं काय.

त्या दिवशी दुपारीच दिवे लावावे लागले होते. माळावर गाडी परतीच्या तोंडाने उभी केली, इंजिन चालू ठेवलं. वारा अचानक पडला. पाखरं गप्प झाली. आभाळाला जुन्या मुक्या मारासारखा हिरवट रंग चढला आणि ढगातून एक सोंड जमिनीपर्यंत उतरली. लांबवर विजेचे दोन खांब होते, बरोबर त्यांच्या मधोमध.

"अगं, बघ तरी," कॅमेऱ्यावरून डोळा न काढता हे म्हणाले. "जागचं हलत नाहीये. असं शहाणं गिऱ्हाईक जन्मात मिळालं नाही."

मी बघितलं. खरंच ते डावीकडे सरकत नव्हतं की उजवीकडे. पण मघाशी त्याच्या आणि खांबांच्या मधे आभाळ दिसत होतं, ते आता दिसेना.

"अहो, ते थांबलेलं नाही. सरळ आपल्यावर येतंय."

"एकच. शेवटचा."

मी उतरले, ह्यांची कॉलर धरली आणि कॅमेऱ्यासकट गाडीत कोंबलं. ट्रायपॉड तिथेच राहिला. सरळ पळून उपयोग नव्हता, त्याच्या वाटेतून बाजूला व्हायला हवं होतं. पहिल्या फाट्यालाच वळवली. गारांनी मागची काच फोडली. आरशात बघितलं तेव्हा खांब नव्हते.

घरी आल्यावर ह्यांनी फोटो कॉम्प्युटरवर लावले. प्रत्येक फोटोत ते त्याच जागी होतं, फक्त आधीपेक्षा मोठं. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी मनात म्हटलं, चला, एकदाचे डोळे उघडले, सुटले मी.

ह्यांनी कॉम्प्युटर बंद केला. मग माझा हात हातात घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली, असा कधी घेतला नव्हता.

"चुकलंच माझं," म्हणाले. "पुढच्या वेळी तू म्हणशील त्या क्षणी निघायचं."

मला रडू फुटलं. ह्यांना वाटलं, माझा राग गेला.